ओटा आणि कोपर

वीस-पंचवीस लाखांच्या जर्मन किचनचा एखादा बॉक्स आतून पाहिला, तर बहुतेक वेळा निघतो पार्टिकल बोर्ड. लाकडाच्या बारीक चिपा आणि भुसा रेझिनमध्ये कालवून, तापवून दाबलेला तक्ता आणि त्याच्या दोन्ही अंगांना मेलामाइनचा थर. हे कळल्यावर पुष्कळांना फसल्यासारखं वाटतं. स्वयंपाकघर करायचं ते मरीन प्लायमध्येच, हे आपल्याकडे सुतारापासून सासऱ्यांपर्यंत सगळ्यांनी सांगून ठेवलेलं असतं. आयएस ७१० या भारतीय मानकाचा शिक्का मारलेला मरीन प्लाय बहात्तर तास उकळत्या पाण्यात ठेवला तरी त्याचे थर सुटू नयेत, अशी त्याची कसोटी आहे, आणि पार्टिकल बोर्डाला ती परीक्षा देताच येणार नाही. तरीही यात फसवणूक नाही. स्वस्त असोत की महाग, युरोपातले बहुसंख्य किचन कारखाने बॉक्ससाठी हाच बोर्ड वापरतात. तो सपाट असतो, त्याची जाडी सगळीकडे सारखी असते, यंत्रावर तो मिलिमीटरच्या अंशापर्यंत बिनचूक कापला जातो आणि प्लायसारखा पिळवटत नाही. ओलाव्याला बऱ्यापैकी तोंड देणारी त्याची वेगळी प्रतही मिळते. पाणी शिरतं ते कापलेल्या कडेतून. कड नीट बंद असली तर तो वर्षानुवर्षं टिकतो आणि उघडी राहिली तर सिंकखालच्या एका गळतीत फुगून बसतो. सुताराने दाखवलेल्या प्लायवरचा शिक्का खरा आहे की नुसताच मारलेला, हाही प्रश्न उरतोच. थोडक्यात, आयात किचनच्या किमतीचं उत्तर बॉक्सच्या लाकडात सापडत नाही, आणि ‘आत तर भुसाच आहे’ एवढं म्हणून ते किचन मोडीतही काढता येत नाही.

मग पैसे जातात कुठे? बराच भाग रस्त्यातच जातो. २०२० च्या अर्थसंकल्पात फर्निचरवरचं मूळ सीमाशुल्क २० टक्क्यांवरून २५ वर नेण्यात आलं. त्या दराने एक हिशेब मांडून पाहावा. भाडं आणि विमा धरून बंदरात शंभर रुपयांना पडलेल्या मालावर पंचवीस रुपये शुल्क, त्या शुल्कावर दहा टक्के समाजकल्याण अधिभार म्हणजे अडीच रुपये, आणि या एकशे साडेसत्तावीस रुपयांवर १८ टक्के वस्तू व सेवा कर. बेरीज दीडशेच्या किंचित पुढे जाते. दर पुढेमागे होतात, अधिभाराचं नाव बदलतं, पण अदमास यायला एवढं पुरे: गोदामात पोचलेल्या मालाच्या दर तीन रुपयांतला एक रुपया कराचा असतो. त्यावर वरळी-बाणेरसारख्या ठिकाणच्या शोरूमचं भाडं, दर काही वर्षांनी बदलावे लागणारे प्रदर्शनातले नमुने, विक्रेत्याचा नफा आणि जोडणीला येणारे कारागीर. यातला कुठलाही खर्च खोटा नाही. पण यातल्या एकाही रुपयाने दार अधिक सरळ बसत नाही की भाजी अधिक सोयीने चिरली जात नाही. गिऱ्हाईक जेव्हा ‘दर्जाला पैसे मोजले’ म्हणतं तेव्हा त्याने दर्जाबरोबर अंतरालाही पैसे मोजलेले असतात, आणि कोटेशनमध्ये या दोन्हींचे वेगळे रकाने नसतात.

दर्जाचा जो भाग हाताला जाणवतो, म्हणजे ढकलल्यावर शेवटच्या बोटभर अंतरात आपोआप हळू होणारा ड्रॉवर आणि न आपटता मिटणारं दार, तो किचन कंपनीचा नसतोच. ऑस्ट्रियातली ब्लुम आणि ग्रास, जर्मनीतली हेटिश अशा मोजक्या कंपन्या बिजागऱ्या आणि चॅनेल बनवतात, आणि युरोपातल्या नामांकित किचनमध्येही बहुधा त्यांचाच माल बसवलेला असतो. हाच माल पुण्यात, नाशकात, कोल्हापुरात मिळतो. हेटिशचा तर बडोद्याला कारखाना आहे. ब्लुमच्या बिजागरीची चाचणी दोन लाख वेळा उघडझाप करून घेतली जाते. एक दार दिवसातून वीसदा उघडलं, तर दोन लाखांचा आकडा गाठायला सत्तावीस वर्षं लागतील. देशी बॉक्सला ही बिजागरी लावली म्हणून तिचं आयुष्य घटत नाही, अट एवढीच की तिचा स्क्रू ज्या तक्त्यात रुततो तो तक्ता बरा असावा. साधं आणि उत्तम यांतलं सर्वांत मोठं अंतर याच ठिकाणी असतं, आणि ते भरून काढायला एकूण खर्चाचा लहानसा वाटा पुरतो. ज्यांना एकाच गोष्टीवर हात सैल सोडता येणार असेल, त्यांनी तो इथे सोडावा.

आयात मालाची खरी सरशी आहे ती कडेत आणि फटीत. चांगल्या कारखान्यातून आलेल्या शटरची कडपट्टी यंत्राने, काही ठिकाणी तर लेझरने वितळवून, अशी चिकटवलेली असते की तक्ता आणि पट्टी यांमध्ये डिंकाची रेघसुद्धा दिसत नाही. हाताने चिकटवलेली पट्टी दोन पावसाळ्यांत कोपऱ्यातून उचकटते, आणि बोर्डात पाणी शिरायला तेवढी वाट पुरते. दारांमधल्या फटी या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत सारख्या राहतात. छिद्रं बत्तीस मिलिमीटरच्या ठरीव अंतरावर पाडलेली असल्याने दहा वर्षांनी एखादा कप्पा हलवायचा झाला तर नवं भोक पाडावं लागत नाही. ही शिस्त साइटवर बसून करवत चालवणाऱ्या सुताराकडून मिळणार नाही. त्याच्या कौशल्यात काही उणं आहे असं नाही, पण ते काम यंत्राचं आहे. मात्र हीच यंत्रं, जर्मन होमागची किंवा इटालियन बिएस्सेची, आता भारतातल्या किचन कारखान्यांतही चालतात. त्यामुळे खरी निवड सुतार की जर्मनी अशी राहिलेली नाही. अधेमधे देशी कारखाना उभा आहे, आणि आयात मालाची तुलना त्याच्याशी करायला हवी. शोरूममध्ये ती सहसा सुताराशी केली जाते, कारण त्या तुलनेत जिंकणं सोपं असतं.

एवढं वजा केल्यावर उरतं ते नाव, आराखडा आणि देखणेपण. देखणेपणाकडे पुढे येऊ. आराखड्याचा विचार करताना मात्र जर्मन किचन मुळात काय होतं हे आठवणं उपयोगी आहे, कारण ते श्रीमंतांसाठी नव्हतंच. पहिल्या महायुद्धानंतर फ्रँकफुर्ट शहरात घरांची भीषण टंचाई होती. वास्तुरचनाकार अर्न्स्ट माय यांच्या देखरेखीखाली नगरपालिकेने कामगारांसाठी वसाहती बांधायला घेतल्या आणि त्यांतल्या स्वयंपाकघराचं काम मार्गारेट शुटे-लिहोत्स्की या व्हिएन्नाच्या तरुण वास्तुरचनाकार बाईंकडे आलं. १९२६ मध्ये त्यांनी सुमारे १.९ मीटर बाय ३.४ मीटरची एक खोली आखली. आपल्याकडच्या वन बीएचकेतल्या स्वयंपाकघराहून ती मोठी नाही. रेल्वेच्या डायनिंग कारमधलं चिंचोळं स्वयंपाकघर त्यांच्या डोळ्यांसमोर होतं. अमेरिकेत क्रिस्टीन फ्रेडरिक यांनी कारखान्यातली श्रम मोजण्याची पद्धत घरकामाला लावून पाहिली होती, तिचाही त्यांनी आधार घेतला. कुठल्या कामाला किती पावलं पडतात, किती क्षण जातात, हे मोजून वस्तूंच्या जागा ठरल्या. खिडकीखाली चिरायची फळी, तिला केरकचरा खाली सारायची खाच, बसून काम करता यावं म्हणून फिरतं स्टूल, तांदूळ-साखरेसाठी नावं कोरलेले ॲल्युमिनियमचे ओतायचे डबे, आणि किडे लागू नयेत म्हणून पिठाचा डबा ओकच्या लाकडाचा. माशा बसत नाहीत या समजुतीने रंग निळसर. अशी सुमारे दहा हजार स्वयंपाकघरं बसवली गेली. गंमत म्हणजे हे आखण्यापूर्वी आपण कधी स्वयंपाक केलाच नव्हता, असं बाईंनी पुढे स्वतःच सांगितलं. त्यांनी करणाऱ्याचं काम मोजलं होतं. आज ज्याला आपण मॉड्युलर किचन म्हणतो, आणि बोलताना किचन ट्रॉली, त्याचं मूळ या मोजणीत आहे. लाकूड, रंग, मूठ ही पुढची गोष्ट.

म्हणूनच प्रश्न असा पडतो, की मोजलं कोणाला? कामाच्या ओट्यासाठी एक साधा नियम आहे: उभं राहून हात कोपरात वाकवावा आणि कोपराच्या दहा ते पंधरा सेंटिमीटर खाली ओटा यावा. कोपराची उंची माणसाच्या उंचीच्या साधारण ६३ टक्के भरते. जर्मन बाईची सरासरी उंची १६६ सेंटिमीटरच्या आसपास. तिचं कोपर १०५ वर, म्हणजे तिला ओटा ९० ते ९५ चा हवा. भारतीय बाईची सरासरी उंची १५२ सेंटिमीटरच्या आसपास. कोपर ९६ वर, ओटा ८१ ते ८६. युरोपी किचनची नेहमीची उंची ९१ च्या पुढेमागे असते. पाच ते दहा सेंटिमीटरचा फरक कागदावर किरकोळ वाटतो, पण दोन तास पोळ्या लाटताना खांदे उचललेलेच राहिले की त्याचा हिशेब मानेत जमा होतो. पोळपाट ओट्यावर ठेवला की उंची आणखी वाढते. कणीक मळायला अंगाचा भार हातावर टाकावा लागतो, त्यासाठी तर ओटा नियमाहूनही खाली बरा. जुन्या पद्धतीत दगडी ओट्यावर शेगडी ठेवायची, त्यामुळे कढईची कड आणखी वीतभर वर जायची. ओट्यात बसवलेली हॉब हा दोष बराच कमी करते, आणि आयात किचनच्या बाजूने नोंदवायला हवा असा हा एक मुद्दा आहे. पण मग आणखी एक विचार आला. एवढं किचन परवडणाऱ्या घरात स्वयंपाक बहुधा कामाला येणाऱ्या बाईच करून जातात. माप घ्यायचं ते मालकिणीचं की त्यांचं? शोरूममध्ये त्यांना सोबत नेलं जात नाही.

उंची झाली, आता स्वयंपाक. युरोपी स्वयंपाकात तेल इतकं तापवून त्यात मोहरी-हिंग-मिरची टाकायची वेळ रोज दोनदा येत नाही. फोडणीचा धूर म्हणजे तेलाचे सूक्ष्म थेंब, आणि ते जिथे गार होतात तिथे चिकटून बसतात. खुल्या किचनमध्ये ओट्याच्या बेटावर हॉब आणि हॉबच्या मधोमध वाफ खाली ओढणारी जाळी, हे चित्र फार सुरेख दिसतं. पण पसरट भांड्यातल्या वाफेला जे जमतं ते उंच पातेल्याला आणि कुकरच्या शिट्टीला जमत नाही. शिट्टी वरच जाणार. डोक्यावर चिमणी, आणि चिमणीपासून बाहेरच्या भिंतीपर्यंत आखूड, कमीत कमी वळणांचा पाइप, याला आपल्या स्वयंपाकात पर्याय नाही. धूर गाळून पुन्हा खोलीत सोडणाऱ्या चिमणीने वास थोडा कमी होतो, उष्णता जागच्या जागी राहते. दगडाचंही तसंच. इटालियन संगमरवर म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. चिंचेचा कोळ, कोकमाचं आगळ, लिंबाची अर्धी फोड यांतलं काहीही त्यावर काही मिनिटं राहिलं तर आम्ल चकाकी खातं आणि तो डाग घासून जात नाही, कारण तो डाग नसतो, दगड झिजलेला असतो. क्वार्ट्झ आम्लाला दाद देत नाही, पण त्यात दगडाचे कण बांधून ठेवणारं रेझिन असतं. धगधगती कढई थेट त्यावर ठेवली तर ते रेझिन करपतं किंवा तक्ता तडकतो. पांढऱ्या क्वार्ट्झवर हळद बसते तीही त्या रेझिनपायी. (हळदीचा रंग उन्हात फिका पडतो, कपड्यांना आपण तो उपाय करतो, ओट्याला ऊन कुठून आणणार?) काळा ग्रॅनाइट मात्र हे सगळं मुकाट सोसतो. तो इथलाच आहे, आणि त्यात मिरवण्यासारखं काही नाही, हीच काय ती त्याची उणीव. त्याच्याही आधीचा कडप्पा तर आता फक्त कपाटांच्या फळ्यांत उरला.

साठवणीचा भाग त्या मानाने सोपा आहे. युरोपी किचनची कपाटं ताटल्या, वाइनचे ग्लास आणि आठवड्याचा बाजार गृहीत धरून आखलेली असतात. आपल्याला गव्हाचा डबा, तांदळाची पंधरा-वीस किलोंची पिशवी, कुकर, परात, पाट्याच्या जागी आलेला मिक्सर आणि अनेक ठिकाणी अजून १४.२ किलोचा सिलिंडर ठेवायचा असतो. चाळीस आणि सत्तर किलो पेलणारे ड्रॉवर मिळतात, ते मागून घ्यावे लागतात. ओली भांडी ठेवायची तर स्टीलच्या जाळीची देशी ट्रॉली बंद तळाच्या ड्रॉवरपेक्षा सरस, पाणी निथळतं. चकचकीत शोरूममध्ये ती बघायला मिळणार नाही.

या सगळ्यावर महाग घरांनी एक तोड काढली आहे: दोन स्वयंपाकघरं. दिवाणखान्याला जोडून दिसणारं आयात किचन, त्यात कॉफीचं यंत्र आणि ओव्हन. आणि दाराआड एक छोटी खोली, तिथे ग्रॅनाइट, तीन बर्नरची शेगडी, मोठी चिमणी आणि खरा स्वयंपाक. याची टिंगल करायला सोपं आहे. पण यात एक प्रामाणिक कबुली दडलेली आहे, आणि तिच्यामुळे आपला प्रश्न सोपा होतो. अशा घरातलं आयात किचन हे स्वयंपाकघर नाही, ते दिवाणखान्यातलं फर्निचर आहे. त्याचा भाव सोफा, चित्र, झुंबर यांच्या शेजारी ठेवून ठरवावा. सुंदर वस्तू रोज समोर असावी म्हणून पैसे खर्च करणं मुळीच चूक नाही, आणि त्याला टिकाऊपणाची सबब जोडण्याची गरजही नाही. कुरबूर करावीशी वाटते ती फक्त दाराआडच्या खोलीबद्दल. आखणी, उजेड, वारा हे सगळं दर्शनी भागात संपलेलं असतं आणि दिवसाचे चार तास जिथे माणूस उभा राहणार तिथे खिडकी नसते.

आयात किचनच्या बाजूचा सर्वांत वजनदार युक्तिवाद म्हणजे आयुष्य. देशी किचन दहा वर्षांत मोडकळतं, आयात पंचवीस वर्षं जातं, तेव्हा वर्षागणिक खर्च सारखाच पडतो, असं विक्रेते मांडतात. यातली बिजागरी आपण पाहिली, ती दोन्हीकडे तितकीच टिकेल. बॉक्सही कड नीट असेल तर टिकेल. पण किचन जुनं होतं ते बॉक्समुळे नव्हे. त्यात बसवलेली यंत्रं आधी जातात आणि नंतर मालकाचा त्यातला रस जातो. खोबणीत अचूक बसवलेला ओव्हन बारा वर्षांनी बिघडला आणि त्या मापाचं मॉडेल बंद झालेलं असलं, तर शिस्तीची हीच घट्ट बसणी अडचण होते. पंचवीस वर्षांच्या आयुष्याला सुटे भागही पंचवीस वर्षं मिळायला हवेत, आणि इथे मोठ्या नावांचा भरवसा वाटतो तितका नाही. जर्मनीतल्या मोठ्या किचन उत्पादकांपैकी एक असलेल्या आल्नोने २०१७ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला. १८९२ पासूनचं पोगेनपोल हे घराणं २०२० मध्ये त्याच वाटेने गेलं आणि नंतर चीनच्या जोमू समूहाने ते घेतलं. कारखाना वाचला तरी आपल्या शहरातला विक्रेता राहील असं नाही, आणि आपला सगळा संबंध विक्रेत्याशीच असतो. एका शटरला खोक पडली तर त्याच रंगाचं दुसरं शटर समुद्रावरून येईपर्यंत महिने जातात. सगळ्या शटरांबरोबर रंगाच्या त्याच खेपेतलं एक जास्तीचं मागवून माळ्यावर ठेवणं, हा यावरचा सर्वांत स्वस्त विमा.

दुसरा युक्तिवाद घर विकताना येणाऱ्या किमतीचा. तो लवकर आटोपतो. आपल्याकडे फ्लॅटचा भाव जागा, मजला आणि चौरस फुटांवर ठरतो. घेणारा पाच वर्षं जुन्या किचनचे पैसे वेगळे देत नाही, आणि पुष्कळदा पहिल्याच महिन्यात ते उखडून टाकतो. तिसरा आक्षेप या हिशेबावरच आहे: पैसे ज्याचे त्याचे, परवडतंय तर हिशेब कशाला? हिशेब यासाठी की परवडणं आणि मोल वसूल होणं यांत फरक आहे. समजा, चांगल्या देशी कारखान्याचं किचन सात लाखांत होतंय आणि आयात सत्तावीस लाखांत. वरचे वीस लाख सात टक्क्यांनी ठेवले तर वर्षाला एक लाख चाळीस हजार येतात, महिन्याला साडेअकरा हजारांहून थोडे जास्त. स्वयंपाकाच्या बाईंचा पगार भरघोस वाढवता येईल अशी ही रक्कम आहे. जेवणाची चव कशाने जास्त सुधारेल, हे ज्याचं त्याने ठरवावं. किचन कर्ज काढून होणार असेल, तर व्याज सातच्या वर असतं आणि हिशेब आणखी उलटा फिरतो.

तरीही काहींच्या बाबतीत उत्तर ‘घ्यावं’ असं येतं. घर पंधरा-वीस वर्षं सोडायचं नाही, स्वयंपाक घरातलीच माणसं आवडीने करतात, खुल्या स्वयंपाकघरात दिवसाचा मोठा वेळ जातो, आणि त्या सारख्या फटी, तो निःशब्द ड्रॉवर रोज पाहून बरं वाटतं, अशा घराला ते पैसे जड नाहीत. फक्त त्यांनी रंग आणि मुठी निवडण्याआधी माप बदलून मागावं. जर्मन किचन हे ठरीव तुकड्यांचं गणित आहे. खालचा बॉक्स ७२० मिलिमीटर, खाली १५० चा प्लिंथ, वर ४० चा तक्ता, मिळून ९१० होतात. प्लिंथ १०० चा आणि तक्ता २० चा घेतला तर ओटा ८४० वर येतो, पाच फुटांच्या बाईच्या कोपराला नेमका जुळणारा. तुकडे दोन्हीकडे त्याच कॅटलॉगातले आहेत. शोरूमच्या माणसाने यावर लगेच पट्टी काढली तर बोलणं पुढे न्यायला हरकत नाही. ‘आमचं स्टँडर्ड हेच आहे’ म्हणाला, तर देशी कारखान्याचं कोटेशन मागवावं.